आग्या मोहोळात झालेली सोयरीक

माझं लग्न वानरांनी जमवलं असं सासरी सगळ्यांना सांगतात, पण ते खरं नाही. वानरांनी ते मोडायचाच मनापासून प्रयत्न केला होता.

आमचं गाव पासली. वेल्ह्याच्या डोंगरात, भाताच्या खाचरांच्या कडेला. तेव्हा तो मुलूख भोर संस्थानात होता. कागदावर तिथं राज्य महाराजांचं होतं, पण आमच्या घरापुरतं बोलायचं तर ते वानरांचं होतं. भात निघालं की खाचरात पावटा पेरायचा, तो वानरांनी खायचा आणि उरलेला आम्ही. रात्री रानडुकरं, उन्हाळ्यात बिबट्या (त्याला आमच्याकडे सरसकट वाघरू म्हणत), आणि आमच्या माजघरात भाताच्या कणगीमागं एक धामण कायमची राहायला. ती उंदीर खायची म्हणून आई तिला घरातल्या माणसात धरायची. मला दुपारच्या वेळी गोफण घेऊन पावट्याच्या राखणीला बसवत. माझा नेम साऱ्या गावात नावाजलेला होता. हे मी सांगत नाही, गाव सांगायचं. त्या दिवसापर्यंत तरी.

माझ्या लग्नाच्या आड ही जनावरंच येत होती. आधी सारोळ्याची मंडळी बघायला आली होती. चांगली नदीकाठची, सपाटीची माणसं. सगळं जुळत आलं, तेवढ्यात आमचा शेजारी ओसरीवर येऊन बसला आणि आपलं कुत्रं वाघरानं कसं नेलं ते मोठ्या हौसेनं सांगू लागला. पाहुण्यांनी चहा अर्धा टाकला आणि ऊन असतानाच बैल जुंपले. वाघरू काही माझ्याबरोबर पाठराखणीला जाणार नव्हतं, पण माणसं घाबरली ती घाबरली.

त्यामुळं पुढचं स्थळ आलं तेव्हा माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, घरात सक्त ताकीद दिली.

"ह्या खेपेला जनावराचं नाव काढायचं न्हाई. इचारलं तर म्हनायचं, रान हाय, पन मोकळं हाय."

"आन् समोर आलं तर?" आईनं विचारलं.

"आलं तर वळख द्यायची न्हाई."

हे स्थळ घाट उतरून खालच्या कोकणातलं, खाडीच्या तोंडाशी असलेल्या गावातलं. माघात मंडळी मढे घाट चढून आली. मुलगा, त्याचे वडील नाना आणि मुलाचा मामा. आबांनी त्यांना ओसरीवर नवी घोंगडी टाकून बसवलं आणि गुळाचा चहा दिला. मी आत माजघरात नवं लुगडं नेसून, पदर कपाळापर्यंत ओढून, दाराच्या फटीला डोळा लावून उभी. मुलगा फटीतून नेमका दिसत नव्हता. मामा भरपूर दिसत होते.

"तुमच्याकडं रान लय दाट दिसतंय," नाना म्हणाले. "जनावर बिनावर?"

"छ्या," आबा म्हणाले. "पाखरं हायेत थोडी. आन् तुमच्याकडं?"

"आमच्याकडं काय, समुद्र. माडाची झाडं. एकदम निवांत."

एवढ्यात कौलांवर धप्पकन काहीतरी पडलं.

नानांनी वर पाहिलं. आबांनी पाहिलं नाही.

"मांजर," आबा म्हणाले.

परत धप्प. मग धप्प, धप्प आणि एक कौल खळकन घसरलं.

"अंगानं भरलेली दिसते," नाना म्हणाले.

"दूधदुभत्याचं घर हाय," आबा म्हणाले.

घसरलेल्या कौलाच्या जागी जे भोक पडलं त्यातून एक हातभर काळसर शेपूट खाली आलं आणि बरोबर मामांच्या टोपीवर झुलायला लागलं. मामांनी मान वर केली. शेपूट नीट न्याहाळलं. मग थोडं बाजूला सरकले आणि राहिलेला चहा प्यायले. आबा पावसाच्या मानावर बोलत राहिले. इतका वेळ पावसावर बोललेले आबा मी त्यापूर्वी ऐकले नव्हते.

मी म्हटलं, निभावलं. तेवढ्यात आई परसातून धावत आत आली.

"पोरी, पापड," एवढंच ती म्हणाली.

माझ्याच लग्नासाठी म्हणून लाटलेले तांदळाचे पापड परसात बाजेवर वाळत होते. बाहेर पाहिलं तर बाजेवर वानरांची पंगत बसलेली. मोठा हुप्प्या मधोमध, पापड दोन्ही हातांनी मोडून आरामात खातोय. आमच्या घरी जावई यायच्या आधी जावयाचा मान त्यानंच घेतला.

आता नुसतं हुसकावून भागलं असतं. पण खुंटीला गोफण टांगलेली होती, आणि नेम नावाजलेला होता. मी मागच्या दारानं बाहेर आले, खडा घातला आणि गोफण गरगरा फिरवली. हातात कोपरापर्यंत नव्या बांगड्या, डोळ्यावर पदर. (सवयीच्या जुन्या लुगड्यात असते तर चुकले नसते, हे मी अजूनही सांगते. अजून कुणाला पटलेलं नाही.) हुप्प्यानं मान जराशी वाकडी केली. खडा त्याच्या कानाजवळून गेला आणि मागच्या आंब्यात शिरला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग आंबा गुणगुणायला लागला.

त्या आंब्याला सुपाएवढं आग्या मोहोळ होतं. आबांनी लपवून ठेवायच्या जनावरांत ते धरलंच नव्हतं, कारण माशीला कोण जनावर म्हणतो?

वानरांना ते माझ्या आधी समजलं आणि ती पसार झाली. मी मागच्या दाराकडे पळाले. दार बंद. आईनं आतून कडी लावून घेतली होती. (वानर घरात शिरेल म्हणून. लेक बाहेर आहे हे तिच्या ध्यानात राहिलं नाही.) मग घराला वळसा घालून पुढच्या बाजूला पळण्यावाचून इलाज नव्हता. अशी मी पाहुण्यांसमोर आले. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पदर गळ्यात, हातात गोफण आणि पाठीमागं माश्या. पानाचं तबक घेऊन खाली मान घालून यायचं असं ठरलं होतं.

"आत व्हा," मी म्हटलं. माझ्या सासऱ्यांशी मी बोललेलं पहिलं वाक्य ते.

सगळे माजघरात घुसले. आबांनी दार लावलं, आईनं खिडकीत घोंगडं कोंबलं आणि चुलीतल्या निखाऱ्यावर शेणी टाकून धूर केला. आत मिट्ट काळोख. सगळे खोकतायत, मधूनच कुणीतरी "आई गं" म्हणतंय, म्हणजे माश्याही काही आत आल्या होत्या. मग हळूहळू शांत झालं. त्या शांततेत नानांचा आवाज आला, अगदी हलका.

"आबा, कणगीला दोर बांधलाय काय हो?"

"व्हय," आबा म्हणाले. "दोरच त्यो."

थोडा वेळ गेला.

"तो चाललाय," नाना म्हणाले.

तिथं आबांचा धीर सुटला.

"पावणं, आता लपवून काय उपेग न्हाई. ती धामण हाय. गरीब हाय, काय करत न्हाई. वर हुती ती वांदरं. वाघरू बी येतं, शेजाऱ्याचं कुत्रं नेलंय. डुकरं रोजची. म्या खोटं बोललो. पोरीचं जमंना म्हून बोललो. तुमी खुशाल माघारी जावा, पन माश्या बसल्यावर जावा."

माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते धुरानं की कशानं ते कळत नव्हतं. मग नानांनी मोठा सुस्कारा सोडला.

"आता आमचं पण ऐका. आमच्या दाराशी खाडी. खाडीत मगर. रोज सकाळी धुण्याच्या दगडावर ऊन खात बसते. बायका काठी आपटतात, ती उतरते, मग धुणं होतं. दोन सोयरिकी मोडल्या तिच्यापायी. पोरीचे बाप दगड बघायला येतात आणि घाबरून जातात."

"पाणमांजरं पण सांगा," मामा म्हणाले. "जाळ्यातलं म्हावरं नेतात. आणि कोल्हे कोंबडी ठेवत नाय."

"म्हंजे तुमी शेपूट बगितलं हुतं?" आबांनी विचारलं.

"बघितलं ना," मामा म्हणाले. "पण म्हटलं, आपण विचारायचं आणि ह्यांनी मगरीचं विचारायचं. त्यापेक्षा मांजर तर मांजर."

त्यानंतर त्या धुरात जो काही गप्पांना रंग चढला! आबांनी डुक्कर सांगितलं की नाना मगर सांगायचे, नाना कोल्हा सांगायचे की आबा वाघरू. दोघं आपापली जनावरं अशी वाढवून सांगत होते की घटकेपूर्वी हीच माणसं निवांत समुद्र आणि मोकळं रान सांगत होती यावर कुणाचा विश्वास बसला नसता. शेवटी नाना म्हणाले, "वानरावर गोफण घेऊन जाणारी पोर मगरीला काय भिणार? दिवा लावा, एकदा तोंड बघू द्या."

आईनं चिमणी लावली. मी पाटावर बसले. माझा एक डोळा पूर्ण मिटलेला, दोन्ही गाल पुऱ्यांसारखे टम्म फुगलेले. समोर मुलगा बसला होता. त्याचा खालचा ओठ हनुवटीपर्यंत आलेला आणि नाकाचा तर पत्ताच नव्हता. नानांनी नाव विचारलं. मी "पारू" म्हटलं, ते बाहेर "फाऊ" असं आलं. मुलानं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि ओठ सांभाळत म्हणाला, "फसंत." तिथंच सुपारी फुटली. माणूस किती समजूतदार आहे, या तोंडाला पसंत म्हणाला, या विचारानं मी पुढं सगळा फाल्गुन हरखून होते.

वैशाखात लग्न लागलं. अंतरपाट बाजूला झाला, तर समोर सरळ नाकाचा, पातळ ओठांचा कुणी भलताच मनुष्य उभा. मी घाबरून नानांकडे पाहिलं, ते तर हसत होते, म्हणजे माणूस तोच असणार. तोही माझ्याकडे टक लावून बघत होता, कपाळाला आठ्या घालून. मग वाकून हळूच म्हणाला, "आजारी होतीस काय? लय उतरलीस गं."

"न्हाई," मी म्हटलं. "मी अशीच हाय."

त्यानं हार हातात धरून थोडा वेळ विचार केला. मग, सगळं वऱ्हाड बघत होतं म्हणून असेल, घातला माझ्या गळ्यात.