कशाने भागलंत?

येरझारे सरांना मी खुर्चीत बसलेलं फारसं पाहिलंच नाही. खरं आडनाव वेगळं; पण हडपसरच्या आमच्या छोट्या कंपनीत संगणकावर गणित चालू झालं की ते खिडकी ते दार, दार ते खिडकी फिरत राहायचे, म्हणून हे नाव पडलं. त्यांनाही ते ठाऊक होतं. एकदा म्हणाले, "बसून उत्तर लवकर येत असतं, तर मी आडवाच झालो असतो."

आमचं काम ड्रोनच्या पंखांचं. पंखाचा छेद घ्यायचा, संगणकात त्याच्याभोवती हवा वाहवायची, आणि जे बल मिळेल ते हवेची घनता, वेग, पंखाचं क्षेत्रफळ अशा संदर्भमूल्यांनी भागून पंखाचा गुणांक काढायचा; ड्रोन किती वजन उचलेल ते त्याच्यावरूनच ठरतं. ही मूल्यं माणसाने भरायची असतात आणि घोळ तिथेच होतो. आम्ही कोणी आनंदाने आकडा दाखवायला गेलो की सरांचा प्रश्न ठरलेला, "कशाने भागलंत?" कालच लागलेल्यालाही अहोजाहो. समोरचा आकडे चाळू लागला की म्हणायचे, "वाटी बदलली म्हणून तांदूळ वाढत नाही हो. सॉफ्टवेअर बिचारं मुकाट भागतं." मला तर झोपेतही तो प्रश्न ऐकू यायचा. वैताग नुसता!

दुर्गम गावांत औषधं पोचवणाऱ्या ड्रोनचं काम आलं, तेव्हा साहेबांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, घाईघाईत स्वतःच जुन्या कामाची फाईल उघडून तिच्यात नवा पंख बसवला. उत्तर झकास आलं. दुपारी ग्राहक येणार, ड्रोन किती वजन उचलेल ते ऐकणार आणि करार करणार. सगळे खूश. सरांचा चहा मात्र टेबलावर गार होत होता.

"वरून-खालून सारखा पंख, चारच अंशांचा कल, आणि एवढी उचल? पटत नाही."

"सर, आपल्याला चांगलं झालेलं बघवत नाही का?" साहेब म्हणाले.

"बघवतं. पटत नाही."

मी उचल आणि हवेचा अवरोध यांचं गुणोत्तर काढलं. ते बरोबर होतं. "दोन्ही एकाच चुकीच्या आकड्याने भागले तर गुणोत्तर बरोबरच येणार," असं म्हणत सरांनी मला संदर्भमूल्यं उघडायला लावली. नवा पंख पुढून मागे तीस सेंटिमीटर, क्षेत्रफळ मात्र जुन्या, वीस सेंटिमीटरच्या पंखाचं! उचल दीडपट फुगली होती. त्या भरवशावर औषधं भरली असती तर ड्रोन उठलंच नसतं, नाहीतर कुठेतरी डोंगरात कोसळलं असतं.

साहेबांचा चेहरा उतरला. मग हळूच म्हणाले, "आज बोलू नका. करार होऊ दे, मागाहून निस्तरू."

सर निवृत्तीनंतर मुदतवाढीवर होते, आणि पुढच्या वाढीवर साहेबांचीच सही व्हायची होती. सरांच्या येरवड्याच्या घरी वहिनी आजारी. गप्प बसा हो सर, मी मनात म्हणत होते. दुपारी मीटिंगमध्ये पडद्यावर वजनाचा आकडा आला आणि सर ग्राहकांना म्हणाले, "माफ करा, हे चूक आहे. ड्रोनसकट एकूण वजन याच्या दोन तृतीयांशच धरा."

साहेब त्यांना एक शब्द बोलले नाहीत. मुदतवाढ तेवढी झाली नाही. शेवटच्या दिवशी सरांनी सगळ्यांना पेढे दिले, साहेबांनाही. मला म्हणाले, "आपण नीट बघत चला." मला इतकं रडू आलं की धड नमस्कारही करता आला नाही.

गंमत बघा, काम आम्हालाच मिळालं. नव्या हिशोबाने ड्रोन उडालं, औषधं पोचली. ग्राहक पुन्हा आले आणि भर मीटिंगमध्ये म्हणाले, "तुमची कंपनी खरं सांगते, म्हणून तुमच्याकडे आलो." साहेब हात जोडून हसले.

"ते चूक सांगणारे गृहस्थ दिसत नाहीत?"

"त्यांनी आता विश्रांती घेतलीय," साहेब म्हणाले.

माझी स्वतःची नोकरी अजून कायम व्हायची होती. तरी तोंडून निघून गेलंच, "घेतली नाही. त्यांना दिली."