फिंडाचं मुसळ

गिनीच्या जंगलातल्या त्या गावात बाई मेली की तिला शेवटची अंघोळ घालायला फिंडालाच बोलवत. न धुतलेला जीव घराभोवती घिरट्या घालतो, असं गाव मानायचं, फिंडाही मानायची. मग इबोला आला. फिंडा लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, म्हणून तिच्या दोघी जोडीदारणींनी त्या रोगाने मेलेल्या एका बाईचं प्रेत धुतलं. पंधरवड्यात दोघीही रक्त ओकून मेल्या.

आता त्याच रोगाने शेजारची कुंबा गेली. औषध फवारून प्रेतं पुरणारी माणसं गाडीतून उतरली आणि गावाने त्यांच्यावर दगडांचा मारा सुरू केला. एकाचं डोकं फुटलं.

"हेच मेले रोग फवारतात!" कुंबाचा मुलगा फाया कोयता परजत ओरडला. "फिंडा, पाणी घे, आईला धू!"

फिंडा मुसळ घेऊन त्याच्या दारात आडवी उभी राहिली. "तिला हात लावशील तर हात मोडीन, मुडद्या!"

"माझी आई आहे ती!"

तिला ढकलून तो आत घुसला आणि आईवर वाकला. फिंडाने त्याच्या हातावर मुसळ हाणलं. हाड कडकन मोडलं. गावाने तिला अंगणात ओढून तुडवलं, समोरचे दात पाडले. त्या गोंधळात पुरणाऱ्यांनी कुंबाला न धुताच नेलं.

भातकापणीला फाया वाकडा हात घेऊन आला, तिच्या दारात थुंकला. "म्हातारे, तू मेलीस की तुलाही कुणी धुणार नाही!"

"नका धुऊ," फिंडा बोळक्या तोंडाने म्हणाली. "पण मला शिव्या घालायला तू उरलास ना, मुडद्या?"