दुसरा ब्रेक

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांची जीभ काळी आहे, असं त्यांचे विद्यार्थी म्हणत. बिचाऱ्या जिभेचा काय दोष? शेजारच्याचा गुडघा कसा थरथरतोय, हात गिअरकडे किती घाईने जातोय, हे बघण्यात या माणसाचं अर्धं आयुष्य गेलेलं. "आता बंद पडणार," असं ते पुटपुटायचे, गाडी आचका देऊन बंद पडायची आणि खापर फुटायचं मास्तरांवर. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाशी दुसरा ब्रेक होता, पण तो ते अगदीच वेळ आली तर दाबत. तोंडाने कितीही फाडून खातील, शिकणाऱ्याच्या हातातलं काम काढून घेणार नाहीत.

साऱ्या जगाला शिकवून झालं आणि सख्खी थोरली बहीण वाट्याला आली. भावोजी गेल्यापासून त्यांची गाडी दारात कापडाखाली उभी, आणि ताईला कुठे जायचं तर दहा जणांच्या मिनतवाऱ्या. सपाट रस्त्यावर ती मास्तरांची गाडी झकास चालवायची, पण शाळेमागच्या चढावर रोज माती खायची. शेवटी वैतागून तिने सांगून टाकलं, आज चढली तर चढली, नाहीतर उद्या गिऱ्हाईक येतंय, दारातली गाडी विकून मोकळी होते. गाडी गेली की ताई चार भिंतींत बसणार, हे मास्तरांना दिसत होतं.

चढाच्या पायथ्याशी तिने गाडी थांबवली आणि हात मांडीवर ठेवून दिले.

"माझं काय होणार ते देवाला आधीच ठाऊक आहे. मग मी कशाला हातपाय झाडू?"

"काल बंद पडणार हे मलाही ठाऊक होतं. मी पाडली का?"

"तूच पाडलीस, काळजिभ्या."

मास्तर हसले. "आज काय होणार तेही ठाऊक आहे. पण बोलणार नाही."

ताईने रागारागाने गिअर टाकला. नेमका चढाच्या मध्यावर एक सायकलवाला आडवा आला आणि थांबावं लागलं. निघताना गाडी हातभर मागे घरंगळली. ताईने समोरची नजर हलवली नाही, ओठ आवळून क्लच अलगद सोडला, आणि गाडी गुरगुरत, कुरकुरत का होईना, वर गेली.

सपाटीवर गाडी उभी करून ताई हसली, आणि लगेच तिचा चेहरा पडला. भाऊ लहानपणापासूनचा लबाड.

"खरं सांग. तू ब्रेक दाबला होतास ना?"

मास्तरांनी नुसतं खाली बोट दाखवलं. ताईने वाकून पाहिलं. दुसऱ्या ब्रेकपाशी नुसत्या चपला होत्या. मास्तर सीटवर मांडी घालून बसले होते, पंगतीला बसल्यासारखे.

"पायथ्यापासून?"

"पायथ्यापासून."

ताईचे डोळे भरून आले. मग तिचं लक्ष भावाच्या शर्टाकडे गेलं. तो अंगाला चिकटला होता.

"ठाऊक होतं, तर एवढा घाम का फुटला रे तुला?"

"चालवत तू होतीस ना," मास्तर म्हणाले.

ताईने आपल्या रुमालाने त्यांचं कपाळ पुसलं आणि गाडी घराकडे वळवली. गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवायचं होतं.