तीन दिवसांत माल्टा

"बेसिकली, भाषा अरबांची, चर्च इटलीचं, लाल टेलिफोन बूथ आपल्या इंग्रजांचे. माल्टाचं स्वतःचं काय गं?"

कार्डिफच्या आमच्या हॉस्पिटल फार्मसीतले सीनियर मला मराठीत विचारत होते, पलीकडच्या क्लेअरला कळू नये म्हणून. ती माल्टाची. तीन दिवसांच्या पॅकेज टूरमध्ये यांना तो आख्खा देश समजला होता. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, पण मी यांना 'सर' म्हणायचं.

लंचमध्ये क्लेअर टीमला आपल्या गावाबद्दल सांगणार होती. आठवडाभर तिची तयारी चालली होती. तिने स्क्रीनवर लावलेल्या पहिल्याच फोटोत गावचं चर्च होतं, त्यावर दोन घड्याळं, एक चुकीची वेळ दाखवणारं. सैतानाला प्रार्थनेची वेळ कळू नये म्हणून ते मुद्दाम तसं ठेवतात, हे तिने मला आधीच सांगितलं होतं.

"मेंटेनन्स झीरो," म्हणत सर हसत उठले आणि स्क्रीनला स्वतःचा फोन जोडून टूरचे फोटो दाखवू लागले. पहिल्या सातही फोटोंत ते स्वतःच होते. क्लेअरने कागदांची घडी घातली.

दोन वर्षं मी यांच्यासमोर नुसती मान डोलावली होती.

"सर, तुम्ही खाली बसा," मी सगळ्यांना कळेल अशा इंग्रजीत म्हटलं. "गाव क्लेअरचं आहे."