चारही बाजूंनी समुद्र

आमच्या संग्रहालयात चित्रं कमी अन् चित्रांच्या भानगडी जास्त. बारा वर्षं झाली, मी इथं चित्रांना माउंट, म्हणजे भोवतीची पुठ्ठ्याची चौकट, लावतो. दुपारच्या चहाला बसलो की कलेवर कोणी बोलत नाही, भानगडीच निघतात. अन् त्यातल्या अर्ध्या एकाच चित्राच्या.

ते म्हणजे एका विलायती चित्रकाराचं एचिंग, एकोणिसाव्या शतकातलं. तांब्याच्या पत्र्यावर ओढलेल्या रेघा अ‍ॅसिडनं कोरून, शाई भरून काढलेला छाप. समुद्रकाठची सहा लहान स्केचेस: होडी, जाळं, खडक, टोपलीवाली बाई वगैरे. गडी तेव्हा शिकाऊ होता. पत्रा फिरवत फिरवत, जागा दिसेल तिथं काढत गेला. त्यामुळे होडी सुलटी धरली की बाई डोक्यावर उभी.

नंदनवन कॉलनीतल्या एका काकांनी तक्रारवहीत लिहिलं, "चित्र उलटं टांगलंय, लाज वाटली पाहिजे." संग्रहालयाच्या साहेबांनी ते फिरवायला लावलं. आठवड्यात दुसरी तक्रार आली, होडी बुडाली म्हणून.

शेवटी विमलताईंनी तोड काढली. विमलताई गॅलरीच्या अटेंडंट, हुडकेश्वरला राहतात, वीस वर्षं त्या चित्रापाशी. दर सोमवारी सुट्टीच्या दिवशी येऊन त्या चित्र फिरवून त्याची पुढची बाजू वर करायच्या. "सगळ्याइचा नंबर लागला पाह्यजे ना बाप्पा."

एका प्राध्यापकानं त्यांना हसत विचारलं, "ताई, समुद्र पाहिलाय का कधी?"

"रोज पाह्यतो. फडक्यानं पुसतो बी."

प्राध्यापक पुढच्या चित्राकडे गेले.

मग नवी गॅलरी बांधली अन् साहेब म्हणाले, "हे पुस्तकातून फाडलेलं पान आहे, तळघरात टाका." विमलताईंच्या रिटायरमेंटला महिना उरला होता. त्या साहेबांना तोंडावर बोलल्या, "मी जाईन, पण ह्याले तळघरात नाही जाऊ देणार." शेवटी ठरलं, शुक्रवारी मुंबईचे तज्ज्ञ येतील, ते म्हणतील तसं.

गुरुवारी मी जुना माउंट काढला. चित्राभोवती कागद चौकोनी दबलेला दिसला. म्हटलं पाहुण्यांसमोर बरं दिसावं, थोडा ओलावा देऊन वजनाखाली सपाट करू. वजन उचललं अन् विमलताईंनी माझा हातच धरला.

"काहून दाबून राहिला गा?"

"वळ पडलाय ताई, काढतो."

"इथं टांगलेल्या पुस्तकाच्या पानाइले हाय का असा वळ? माउंट बदलताना मी सगळे पुसले हाय. जे फक्त ह्याच्यातच हाय, ते मिटवाचं काहून?"

मी वजन खाली ठेवलं. पटलं म्हणून नाही, त्यांनी हात सोडला नाही म्हणून.

शुक्रवारी तज्ज्ञांनी भिंग काढलं, मग बाजूला ठेवून त्या वळावरून नुसतं बोट फिरवलं. "छापताना पडलेला पत्र्याचा दाब आहे हा. अस्सल एचिंग, तेही सुरुवातीच्या काळातलं. नशीब, कोणी इस्त्री नाही केली." मी पंख्याकडे पाहत होतो. विमलताई माझ्याकडे.

साहेब लगेच खुलले. "मधल्या भिंतीवर लावू! सर, वरची बाजू कोणती?"

तज्ज्ञांनी चित्र एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं, अन् परत पहिल्यासारखं धरलं.

विमलताईंनी ते त्यांच्या हातून घेतलं, हॉलमधल्या काचेच्या टेबलात आडवं ठेवलं अन् झाकण लावलं. "त्यानं पत्रा फिरवला. आता तुम्ही फिरा."

तज्ज्ञ टेबलाभोवती निघाले. त्यांच्यामागे, हात पाठीशी बांधून, साहेब.