मेणबत्त्यांचा हीट लोड

"एसी बंद करा," केळकर म्हणाले, "ज्योती हलतायत!"

सप्टेंबर चालू होता. त्या महिन्यात कुवेतमध्ये सूर्य मावळला तरी अंगाची लाहीलाही थांबत नाही. आणि या गृहस्थांनी समुद्राकाठच्या जुन्या किल्ल्यात पियानोचा कार्यक्रम ठेवलेला, तोही फक्त मेणबत्त्यांच्या उजेडात. केळकर इव्हेंट मॅनेजर. मूळचे पुण्याचे, पण बोलण्यात कायम पॅरिस. मी एसी इंजिनिअर. किल्ल्याच्या भिंतींना भोक पाडायला परवानगी नव्हती, म्हणून मी दोन मोठे पोर्टेबल एसी दालनाच्या दाराशी उभे केले होते.

"साहेब, हीट लोड बघा," मी म्हणालो. हीट लोड म्हणजे खोलीत किती उष्णता तयार होते त्याचा अंदाज. पेटलेली मेणबत्ती जवळपास एका माणसाएवढी उष्णता देते. "तुम्ही तीनशे मेणबत्त्या लावल्यात. म्हणजे तीनशे न बोलावलेले पाहुणे आलेत. निम्म्या विझवा, मी एसी मंद ठेवतो."

"अहो, मेणबत्ती आहे ती, शेगडी नाही! तुम्हा इंजिनिअर लोकांना ॲम्बियन्स कळतच नाही."

ॲम्बियन्स म्हणे! या माणसाने उजेडासाठी लावलेले साधे दिवेसुद्धा बंद करून टाकले होते.

आमचे बॉस नायरसाहेब मला बाजूला घेऊन गेले. कंपनीला निम्मी कामं केळकरांकडून मिळायची. "देशपांडे, इसको नाराज मत करना. ये बिगड़ा तो तेरा अकामा रिन्यू नहीं होगा."

अकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना. तो गेला की सालमिया भागातलं घर सोडा आणि चालू लागा. माझी मुलगी दहावीत होती. मी मुकाट्याने एसी बंद केला.

पियानो वाजवणाऱ्या बाई युरोपातून आल्या होत्या. त्यांच्याकडे बघायला कुणाला सवड होती? लोक मेणबत्त्यांशेजारी उभे राहून फोटो काढत होते. दुसरी रचना सुरू झाली तोवर सगळे घामाने निथळले. मेणबत्त्या मऊ पडून वाकल्या. बाई एका हाताने वाजवत दुसरा हात झग्याला पुसायला लागल्या.

केळकर धावत आले. "एसी फुल्ल करा! फुल्ल!"

"साहेब, हळूहळू वाढवतो. एकदम फुल्ल केला तर सगळ्या विझतील."

"मला शिकवू नका!"

बरं बाबा. केला फुल्ल. पुढच्या रांगा विझल्या, मग मधल्या, मग सगळ्याच. मिट्ट काळोख. कुणीतरी किंचाळलं. गेला अकामा!

पण बाई थांबल्याच नाहीत. बोटांना पट्ट्या पाठ होत्या, उजेडावाचून त्यांचं काही अडलं नाही. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी अंगावर काटा आला. गार वारा लागला आणि फोटोवाले पहिल्यांदाच गप्प बसले. रचना संपली तेव्हा टाळ्या थांबेनात.

दिवे लागले. बघतो तर केळकर बाईंच्या पुढे उभे, कपाळ पुसत सगळ्यांना सांगतायत, "हा अंधार माझा कन्सेप्ट होता!"

दुसऱ्या दिवशी नायरसाहेबांनी बोलावलं. "केळकर बहुत खुश है. बोलता है, अगले साल भी वैसाच अंधेरा चाहिए. तुम ही करोगे."

माझा अकामा रिन्यू झाला. तेव्हापासून एक पथ्य पाळतो. मूर्ख माणूस श्रेय घेत असला की मध्ये बोलायचं नाही. दोन्ही हातांनी श्रेय ओढताना त्याला आपल्याकडे बोट दाखवायला हात उरत नाही.