फेट्याचं टोक

माझ्या गुण्यावर गोमूत्र शिंपडलं तेव्हा मी हसलो.

खरंच हसलो. दात दाखवून. काहीतरी चेष्टा चाललीय आणि आपणही तिच्यात आहोत, असं माणूस हसतो ना, तसं.

गुण्या म्हणजे काटकोन बघायचं सुताराचं हत्यार. शिसवीची मूठ, तिला पोलादी पट्टी. चौकटीचा कोपरा खरा आहे की तिरका, हे तो सांगतो. माझा गुण्या पाटावर मांडला होता, हळदीकुंकू वाहून, शेजारी नारळ. आणि तात्या, म्हणजे घराच्या मालकाचे चुलते, तांब्यातलं गोमूत्र आंब्याच्या डहाळीनं त्याच्यावर उडवत होते. करवतीवर नाही, पटाशीवर नाही. ती अवजारं मी पिशवीतच ठेवली होती, म्हणून सुटली.

बेल्ह्याच्या पुढचं एक गाव. उसाला लागून नवा बंगला. त्याच्या मुख्य दाराची सागवानी चौकट मी केली होती. आमच्याकडं चौकट बसवायच्या दिवशी पूजा होते आणि चौकट करणाऱ्या मिस्त्रीला फेटा बांधतात. भाऊबंद जमतात. मालक वाकून नमस्कार करतो. पुढं वर्षानुवर्षं लोक सांगतात, या घराचं दार अमक्याच्या हातचं.

मला तो फेटा पाहिजे होता. लपवत नाही. बायकोला आठवडाभर तेच सांगत होतो. सकाळी आरशासमोर मान झुकवून बघितली, फेटा बांधताना कशी झुकवायची म्हणून. ती चुलीपाशी म्हणाली, "पडाल बरं का. नवरदेव झालाय नुसता."

आता माझी अक्कल ऐका. मी बौद्ध. मालकानं पहिल्याच भेटीत माझा नंबर मोबाईलमध्ये 'सुतार' म्हणून घेतला. मी बघितलं आणि गप्प बसलो. उलट मनात म्हटलं, काय खोटं आहे? सुतारकी करतो तो सुतार. आडनावही असं, की ते तीन जातींत सापडतं. त्या आडनावाच्या आड मी रंधा मारत बसलो. चहा आतल्या कपात यायचा. लई गोड लागायचा.

फोन मात्र तिथं जाताना रोज मुका करून ठेवायचो. रिंगटोनला भीमगीत आहे.

त्या दिवशी विसरलो. फेट्याच्या नादात.

चौकट मी मालकाच्या जुन्या घराच्या अंगणात केली होती; तिथनं ती बेल्ह्याच्या बाजाराला बैल नेणाऱ्या टेम्पोतनं बंगल्यावर आणली होती. गवंड्यांनी ती उभी केली, टेकू दिले. तात्यांनी गुण्या पाटावर ठेवायला सांगितला. भटजी पुढं सरकले. आणि माझ्या खिशात बाबासाहेबांचं नाव दुमदुमलं. पूर्ण आवाजात, ढोलकीसकट. मी खिसा दाबला, तर आवाज जास्तच मोठा झाला. शेवटी उचलला. बायको.

"बांधला का फेटा?"

मी फोन कट केला.

तात्या म्हणाले, "कुणाचा रं तू?"

मी सांगितलं. हळू आवाजात, चोरी पकडल्यासारखं.

कुणी शिवी दिली नाही. मारलं नाही. मालक मला बाजूला घेऊन खांद्यावर हात न ठेवता म्हणाला, "आधी बोलायचं ना, राव. आमचं काय नाय, आमी असलं मानत नाय. पण म्हातारी माणसं हायेत." आणि त्यानं पुतण्याला मोटारसायकलवर शेजारच्या गावी पिटाळलं. तो गोविंदबाबांना घेऊन आला. जातीनं सुतार. हात थरथरणारे, कधीच काम सोडून बसलेले. तोवर गुण्यावर गोमूत्र पडलं होतं. ज्या चौकटीला टेम्पोभर शेण लागलं होतं, ती शुद्ध. तिचा कोपरा बघणारा गुण्या बाटलेला.

मग गोविंदबाबांना चौकटीपाशी उभं केलं. हातात माझा गुण्या दिला. फोटो काढले आणि गुण्या परत पाटावर ठेवला.

फेटा बांधायला दोन माणसं लागतात. एक बांधतो, दुसरा कापडाचं टोक ताणून धरतो. टोक धरायला कुणी मोकळं नव्हतं. बांधणाऱ्यानं इकडंतिकडं बघितलं आणि मी, मी पुढं झालो. कुणी सांगितलं नव्हतं. धरलं टोक. चांगलं ताणून धरलं, सुरकुती पडू दिली नाही. फेटा झाल्यावर म्हणालोसुद्धा, "बाबा, लई शोभतोय."

त्यानंतर मालक म्हणाला, "मिस्त्री, मागनं या, पव्हे खाऊन घ्या. झडपा तुमीच बसवायच्या बरं का. फकस्त आता पूजा झालीय, तवा उंबऱ्यावर पाय नको."

तो उंबरा मी रंधला होता. त्याच्यावर बसून भाकरी खाल्ली होती. आणि उंबऱ्यावर पाय न ठेवता दाराची झडप टांगायची कशी? मी काय वटवाघूळ आहे?

पण हे तोंडातनं निघालं नाही. डोकं हिशेब करत होतं. आत स्टूल ठेवलं, बाहेर एक ठेवलं, मध्ये फळी टाकली तर? जमेल. लाज वाटते सांगायला, पण मी खरंच मार्ग काढत होतो. माझाच अपमान नीट बसावा म्हणून मापं घेत होतो.

मागच्या दारी चपला काढून पोह्यांची ताटली घेतली. गोविंदबाबा तिथं आले, फेट्यासकट. इकडंतिकडं बघून कानाशी म्हणाले, "कोपऱ्याचा जोड बघितला तुजा. लई बेस. मला नसता जमला."

"बाबा," मी म्हणालो, "हेच भायेर मोठ्यानं बोला."

त्यांनी हातातल्या नारळाकडं बघितलं. त्याच्या शेंड्या कुरवाळल्या.

"जाऊ दे, पोरा."

बस. गोमूत्रानं जे झालं नाही, ते या तीन शब्दांनी झालं. माणूस वाईट नव्हता. खरं काय ते त्याला कळत होतं, आणि फेटा डोक्यावर तसाच होता.

मी ताटली खाली ठेवली. मागच्या दारातनं आत शिरलो, सगळा हॉल ओलांडला, पाटावरचा गुण्या उचलला.

तात्या ओरडले, "आरं, पूजेतला हाय त्यो!"

"माझा हाय."

उंबऱ्यावर चढलो. दोन्ही पाय. चौकटीच्या कोपऱ्याला गुण्या लावला. पट्टी आणि लाकूड यांत उजेड दिसत नव्हता.

"ही चौकट म्या केलीय," मी म्हणालो. "झडपा करणार न्हाई. स्टुलावर उभं राहून तर नाहीच नाही."

आणि पुढच्या दारानं बाहेर पडलो. ऐटीत. रस्त्याला लागल्यावर कळलं, चपला मागच्या दारी राहिल्या. डांबर तापलेलं. एरवी मी गेलो असतो परत, हळूच, कुंपणाकडनं. त्या दिवशी गेलो नाही. बेल्ह्यापर्यंत तळवे भाजत चाललो.

घरी बायकोला सगळं सांगितलं. गोमूत्राचं ऐकून तिनं ओठ आवळले. उंबऱ्याचं ऐकून मान हलवली. मग विचारलं, "टोक धरलं व्हतं तुमी?"

"धरलं."

 तिनं तळव्यांना लावायला खोबरेल आणून ठेवलं आणि भाकऱ्या थापायला बसली. त्या प्रश्नाची जागा अजून ठणकते. तळवे केव्हाच बरे झाले.

मालकाचा नंतर फोन आला, झडपा कधी करताय म्हणून. मी म्हणालो, "उंबऱ्यावर उभा राहून, भाऊबंदांसमोर बसवीन. चालंल?" तो "बघू" म्हणाला. झडपा दुसऱ्या कुणीतरी बसवल्या. त्या भागातलं काम तुटलं ते तुटलंच.

नवा गुण्या घेतला की सुतार तो पारखतो. फळीवर एक रेघ मारायची, मग गुण्या पालटून त्याच जागी दुसरी मारायची. रेघेवर रेघ बसली तर खरा. फट पडली तर खोटा, कितीही चकचकीत असो. मी माणसांना कधी पालटून बघितलं नव्हतं. आतल्या कपातल्या चहावर भाळलो.

आता मापाची टेप उघडायच्या आधी सांगतो, मी कोण. आणि सांगतो, चौकट माझी तर फेटा माझ्या डोक्याला. कुणाच्या फेट्याचं टोक मी धरणार नाही. बरेचजण "विचार करून सांगतो" म्हणतात आणि परत येत नाहीत. न येवोत. पोट आवळता येतं.

फोन मुका करत नाही. भर पूजेत वाजला तरी ढोलकी संपेपर्यंत वाजू देतो. ज्याचे कान बाटतील, त्यानं आपलं दार दुसऱ्याकडनं करून घ्यावं.